अंगठ्याचा दाब

सकाळी मी दोघांचे कप विसळत होतो आणि ताई मागे खुर्चीत बसून बघत होती. ती म्हणाली, "माझा कप घासतोस आणि स्वतःच्या कपाला नुसतं पाणी दाखवतोस." मी हसलो. तुझ्या औषधानं तुझी प्रतिकारशक्ती कमी झालीये, जंतूंना तुझ्या कपात जागा नको म्हणून घासतो, असं काहीतरी उत्तर मी दिलं. त्यावर ती म्हणाली की घास की, मी कुठे नको म्हणते, पण तू असं करतोस हे तुला ठाऊक तरी आहे का? मला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की दोन्ही कप सारखेच धुतो. मी तिचा कप पालथा घातला, माझाही घातला, हात पुसले. तेवढ्यात ती मागून, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा सुरात म्हणाली, "उद्यापासून ती स्टेरॉइडची गोळी बंद करणार आहे मी. तुझी गोळी पुरे आहे आता." आधी डॉक्टरांना विचारू, असं मी म्हणालो खरा, पण ज्या आवाजात म्हणालो त्यातून आनंद लपत नव्हता. ताईला माझे सगळे आवाज लहानपणापासून पाठ आहेत. मी बूट घातले आणि निघालो.

दुसऱ्या जिन्याच्या वळणावर माझे पाय आपोआप थांबले. खालच्या मजल्यावरची बाई पिशवी घेऊन वर येत होती, तिला वाट द्यायची सोडून मी मधोमध उभा राहिलो आणि स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिलो. बाईनं विचारलं, लागलं का काही? नाही म्हणालो. लागलं होतं, पण अंगठ्याला नाही. गेली दोन वर्षं मी प्रयोगशाळेत रोज जे काम करतो, ते शेवटी धुण्याचंच काम आहे. आणि ते करताना प्लेटमधला कुठला खळगा औषधाचा आणि कुठला नाही, हे मला नेहमी ठाऊक असतं.

हे काम लोकांना सांगायला गेलं की त्यांचे डोळे मिटायला लागतात, म्हणून मी ते फक्त ताईला सांगतो. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, एका पेशीइतकं पातळ. फरशा बसवाव्यात तशा पेशी एकमेकींना लागून बसलेल्या, आणि त्यांच्यावरून रक्त आयुष्यभर वाहतं. अस्तर शांत असलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावरून सरळ निघून जातात. कुठून दाहाची वर्दी आली की अस्तराचा स्वभाव बिघडतो, ते चिकट होतं, जाणाऱ्या-येणाऱ्या पांढऱ्या पेशींना धरून ठेवतं, त्या भिंतीत शिरतात, भिंत सुजते. या आगीत तेल ओततात ते पेशीतच तयार होणारे प्राणवायूचे उपद्व्यापी अंश, आणि त्यांना टिपून घेणारी जी औषधं असतात त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आमचं औषध तर अगदी साधं, कफ पातळ व्हावा म्हणून कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी गोळी. प्रसूतिविभागातून आम्हाला नाळा मिळतात. नाळेतल्या शिरेचं अस्तर हळूच सोडवून घ्यायचं आणि शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवायचं. काही खळग्यांत औषध, काहींत नुसतं मिठाचं पाणी. मग सगळ्यांना दाहाची वर्दी द्यायची. मग हिरव्या रंगानं चमकणाऱ्या पांढऱ्या पेशी वरून सोडायच्या, अर्धा तास थांबायचं, आणि धुवायचं. ज्या निघून गेल्या त्या गेल्या. ज्या चिकटून राहिल्या त्या मायक्रोस्कोपखाली मोजायच्या. जितक्या कमी, तितकं औषध गुणाचं.

हे धुणं आठ तोंडांच्या पिपेटनं होतं आणि त्या पिपेटचा दट्ट्या अंगठ्यानं दाबायचा असतो. हळू दाबला तर पाणी भिंतीवरून ओघळतं आणि पुष्कळ पेशी जागच्या जागी राहतात. जरा जोर झाला तर धार बसते आणि घट्ट बसलेल्याही उखडून जातात. म्हणून हे काम एकाच माणसानं करायचं असा आमच्याकडे रिवाज पडला होता, आणि तो माणूस मी, कारण माझा हात हलका आणि एकसारखा आहे अशी माझी ख्याती. ख्याती पसरवणाऱ्यांत मीही होतोच. त्या सकाळी बसच्या दांड्याला लोंबकळताना मी रिकाम्या हातानं दट्ट्या दाबून बघत होतो, एकदा पाण्याच्या रांगेसाठी, एकदा औषधाच्या रांगेसाठी. समोरच्या माणसानं माझ्याकडे पाहून नजर फिरवली. दोन्ही दाब सारखे होते की नव्हते, मला सांगता येईना. कपाचंही सांगता आलं नव्हतं.

दट्ट्या दाबायचा हात मला ताईनंच दिला. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि ताई नुकतीच पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीला लागली होती. शाळा सुटली की मी तिच्या कचेरीत जाऊन बसायचो. उंच तिरपी टेबलं, पारदर्शक कागद, शाईचा वास, आणि कागदावर सगळ्या शहराच्या पोटातले नळ. जाड रेघ म्हणजे मोठा नळ, बारीक रेघ म्हणजे लहान. रेघेची जाडी अंगठ्याच्या दाबावर असते, श्वास सोडताना ओढ, मध्ये विचार करू नकोस, हे तिनं मला शिकवलं. एकदा तिचा एक कागद इंजिनिअरनं परत पाठवला. एका साध्या गल्लीतला नळ तिनं चांगला बोटभर जाड काढला होता, जणू अख्ख्या वस्तीचं पाणी तिथूनच जातं. ती गल्ली आमची होती. सगळी कचेरी हसली, ताईही हसली, पण घरी येताना ती मला म्हणाली की मी मुद्दाम नाही रे केलं, हातानं केलं. तिनं तो कागद पुन्हा काढला. मला त्या वेळी फार आवडलं होतं ते, आपली गल्ली शहरात सगळ्यांत जाड असणं.

गेल्या वर्षी तिची कानशिलं दुखायला लागली. कंगवा लागला तरी कळ यायची, चावताना जबडा थकायचा. अर्धं आयुष्य तिनं स्वतःच्या दुखण्याकडे कानाडोळा केला, तसा याच्याकडेही केला, पण शेवटी मी तिला धरून नेलं. डॉक्टरांनी कानशिलाच्या शिरेचा लहानसा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, शिरेच्या भिंतीला दाह आहे, डोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिनीतही तो पोचू शकतो, स्टेरॉइड आजपासून, आणि एकही गोळी चुकवायची नाही, नाहीतर डोळा जाईल. इतकं स्वच्छ सांगितलं होतं. ज्या गोष्टीत मी रोज नाक खुपसून बसायचो ती गोष्ट माझ्याच घरात, माझ्याच ताईच्या कानशिलात. मला भीती वाटली आणि त्या भीतीच्या तळाशी, सांगायला लाज वाटते, थोडा उत्साहही वाटला. स्टेरॉइडनं दुखणं दोन दिवसांत पळालं, पण बाकी सगळं बिघडलं. झोप गेली, साखर वाढली, चेहरा फुगला. आरशात रोज एक बाई येते आणि मलाच विचारते आपण कोण, असं ती म्हणायची. ती थट्टा करायची, पण तिनं माणसांत जाणं सोडलं. डोस उतरत होता, पण फारच सावकाश, आणि तिचा धीर सुटत चालला होता.

तेव्हापासून जेवताना मी तिला प्लेटा सांगायला लागलो. आज औषधाच्या खळग्यांत निम्म्याच चिकटल्या. आज त्याहून कमी. ती ऐकायची, नळांच्या भाषेत प्रश्न विचारायची. आतून गंज चढतो तसं का? मग गंज चढल्यावर काय उपयोग, आधी नको का लावायला? मी म्हणायचो, दाहाच्या वर्दीनंतर दिलं तरी चालतं का तेही बघतोय. बघत होतोच. नंतर दिलेल्या खळग्यांत फारसं काही दिसत नव्हतं, पण जेवताना मी आधी दिलेल्या खळग्यांचंच बोलायचो. मग एक दिवस तिनंच ती कफाची गोळी दुकानातून आणली. अपाय नाही ना, एवढंच विचारलं. नाही, म्हणालो. दोन-तीन आठवड्यांनी ती म्हणाली की स्टेरॉइड उतरत असूनही डोकं शांत आहे, आणि त्याच आठवड्यात माझा आलेख आधीपेक्षा छान आला. मी सुखावलो. आमचे प्रमुख खूश होते, लेख लिहायला घ्या म्हणाले. बसमध्ये हे सगळं एकामागून एक आठवत होतं आणि आता मला दिसत होतं की तिच्या कानशिलाच्या बातम्या माझ्या अंगठ्यापर्यंत पोचत असणार.

आमच्या प्रयोगशाळेत माझ्याच वयाच्या एक बाई आहेत, त्यांना सगळे मोजपट्टी म्हणतात, समोरसुद्धा. त्यांना मी सांगितलं की आजची प्लेट तुम्ही भरा, कुठल्या रांगेत काय ते मला सांगू नका, धुतो मी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मी दोनदा सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, वेळ जातो." मला ते आठवलं. दुसऱ्यांदा तर मी जरा वैतागून म्हणालो होतो. आज त्यांनी कारण विचारलं नाही. हातमोजे चढवले, आपल्या कोपऱ्यात पाठ करून बसल्या आणि कामाला लागल्या. चिठ्ठीबिठ्ठी काही केली नाही, रांगा डोक्यात ठेवल्या.

दुपारपर्यंत मला काही काम नव्हतं. इन्क्युबेटरच्या काचेतून प्लेट दिसत होती, तिच्यात कुठल्याशा बाळांच्या नाळांचं अस्तर होतं आणि त्याला आता दाहाची वर्दी मिळाली होती. ताईला फोन करावासा वाटला, पण काय सांगणार? गोळी बंद करू नकोस, हे सांगायला प्लेटची वाट कशाला बघायला हवी, हा विचार मला त्या वेळी आला, आणि मी तो बाजूला सारला. उद्यापासून म्हणाली आहे ना, आज तर घेईलच, अशी मनाची समजूत घातली. खरं असं होतं की मला अजूनही वाटत होतं प्लेट चांगली येईल. मग मी घरी जाऊन म्हणेन की माझी आता खात्री झाली, डॉक्टरांकडे जाऊ, त्यांना आकडे दाखवू. मी हे वाक्य मनात दोन-तीनदा म्हणूनसुद्धा पाहिलं.

धुवायला बसलो तेव्हा अंगठा परका वाटला. दर रांगेपाशी तो थबकत होता. ही ताईच्या औषधाची का? असं तो विचारत होता, आणि उत्तर मिळत नसल्यामुळे त्याला किती जोर लावायचा ते कळत नव्हतं. मी याआधी हजारो खळगे धुतले होते आणि एकदाही माझा अंगठा थबकला नव्हता. मला तेव्हाच सगळं समजलं. पुढची मोजदाद म्हणजे नुसता उपचार. श्वास सोडताना ओढ, मध्ये विचार करू नकोस, हे ताईचं जुनं वाक्य स्वतःशी म्हणत मी प्लेट पुरी केली. मोजपट्टीबाई शेजारी उभ्या राहून आकडे घेत गेल्या आणि शेवटी तोंडानंच सांगितलं की अमुक रांग पाणी, अमुक औषध आधी, अमुक नंतर. औषध आधी दिलेल्या रांगांत फरक होता, पण एवढासा. नंतर दिलेल्या रांगा आणि पाण्याच्या रांगा यांच्यात काहीही फरक नव्हता. माझ्या आलेखांतला तो मोठा, देखणा फरक माझ्या हाताचा होता. बाई म्हणाल्या की एवढासा का होईना, तो खरा आहे, वाईट वाटून घेऊ नका. मी मान हलवली. लेखाचं, प्रमुखांचं काय ते नंतर बघता येईल असं वाटलं. ताईच्या शिरेला दाह कधीच लागला होता. ती नंतरच्या रांगेतली होती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. ताई खिडकीपाशी बसली होती, मांडीवर वर्तमानपत्र उघडं, पण वाचत नव्हती. मी बूट न काढताच समोर बसलो आणि सांगितलं. कपापासून सुरुवात केली, अंगठ्याचं सांगितलं, रांगांचं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी मी म्हणालो की माझी गोळी तुझ्या उपयोगाची नाही, मी तुला चुकीचं सांगत आलो, स्टेरॉइड सोडायचं नाही. ती बराच वेळ वर्तमानपत्राच्या कडा जुळवत राहिली.

"स्टेरॉइडची गोळी मी पंधरा दिवसांपूर्वीच अर्धी केली," ती म्हणाली.

ती पुढे बोलत गेली, कडा जुळवतच. म्हणाली की रागावू नकोस. तुझ्या गोळीवर माझा भरवसा होताही आणि नव्हताही. पण किती वर्षांनी तू जेवताना बोलायला लागला होतास. नाहीतर आपलं घर म्हणजे दोन ताटं आणि दोन खुर्च्या. डोकं कसं आहे विचारायचास तेव्हा तुझं तोंड असं व्हायचं की दुखतंय म्हणवेना. मग बरं आहे म्हणायची. म्हणता म्हणता वाटायला लागलं, बरं आहे म्हटलं की बरं होईलही.

"म्हणजे दुखणं थांबलं नव्हतं?"

"कमी होतं कधी कधी." मग तिनं डावा डोळा तळहातानं झाकला, उघडला, पुन्हा झाकला. म्हणाली की आज दुपारी या डोळ्यापुढे वरून पडदा उतरल्यासारखा आला, करडा. थोडा वेळ राहिला, मग गेला. आता ठीक आहे, म्हणजे ठीकच आहे बहुतेक.

मी रागावलो नाही. रागवायला मला जागाच नव्हती. दोन माणसं एका घरात एकमेकांवर जीव टाकून राहतात आणि दोघंही एकमेकांच्या बाजूनं खोटे आकडे देत बसतात, यात कुणाचा कान धरायचा? मला तिची भयंकर कीव आली आणि माझीही. मी तिच्या पायात चपला सरकवल्या, खाली टॅक्सी थांबवली, आणि सगळ्या रस्ताभर तिचा हात धरून ठेवला. प्रत्येक सिग्नलला मला विचारावंसं वाटत होतं, दिसतंय ना नीट? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती.

रुग्णालयात त्यांनी तिला लगेच आत घेतलं. मी अर्धी गोळी, पंधरा दिवस, करडा पडदा एवढं सांगितल्यावर तिथली डॉक्टर, तरुण, झोप न झालेली, एकदम उभी राहिली आणि शिरेतून स्टेरॉइड द्यायची तयारी करायला नर्सला पाठवलं. मग ती ताईकडे वळली. डोकं किती दिवस दुखतंय, जबडा दुखतो का, डोळ्याला याआधी असं कधी झालं होतं का? ताईनं उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं. सवयीनं पाहिलं. माझं तोंड कसं आहे ते बघितलं आणि मग बोलायला ओठ उघडले.

"मी बाहेर थांबतो," मी म्हणालो.

"थांबा की इथेच," डॉक्टर म्हणाली, "जवळचं माणूस असलेलं बरं असतं."

"नको. मी असलो की ती खरं सांगत नाही."

ताईला हसू आलं, ओळखीचं, जुनं, फुगलेल्या चेहऱ्यातूनही दिसणारं. जा, असं तिनं मानेनं सांगितलं. मी बाहेर आलो, दार मागे ओढून घेतलं. ते पुरतं लागलं नाही. आतून ताईचा आवाज आला, रोज, म्हणाली, एक दिवससुद्धा थांबलं नव्हतं. मग जबड्याचं सांगितलं, मग पडद्याचं, आज पहिल्यांदा नाही, तिसऱ्यांदा. एकेक वाक्य मी भिंतीला पाठ टेकून ऐकत होतो आणि दर वाक्याला मला वाटत होतं की आत जावं, तिला थांबवावं, एवढं नको सांगूस म्हणावं.

मग डॉक्टर म्हणाली, उजवा डोळा हातानं झाका, पूर्ण झाका, फटीतून बघू नका. किती बोटं दिसतात सांगा.

ताईनं वेळ घेतला. नकाशावर मोजमाप सांगताना घ्यायची तेवढाच. मग म्हणाली, "तीन."

डॉक्टर काहीच बोलली नाही. तिनं किती बोटं धरली होती, ते मला दिसत नव्हतं.